घुबडाची उपपत्ती

शिकाऊ माणसाने मॅक्रमेचा कोणताही प्राणी करायला घेतला, तरी शेवटी त्याचं घुबडच होतं. हे प्रमेय प्रस्तुत लेखकाने पालघर, उमरोळी आणि बोईसर या तीन स्थानकांच्या टापूत, एका पावसाळ्यात, स्वतःच्या दहा बोटांच्या खर्चाने सिद्ध केलं आहे. एकंदर चार प्राणी करायला घेतले: हत्ती, मांजर, माकड आणि पापलेट. त्यांपैकी तीन निर्विवाद घुबडं झाली. चौथ्याबद्दल सातपाटीत वाद झाला, तो पुढे येईल.

आधी संज्ञा नक्की करू. मॅक्रमे म्हणजे सुई, माग यांतलं काहीही न वापरता निव्वळ बोटांनी दोरीला गाठी मारत जाणं. शब्द अरबी ‘मिक्रमा’चा वंशज मानतात; त्याचा अर्थ झालरीचं कापड. तुर्कांनी तो टॉवेलला लावला, इटलीतल्या जेनोआकरांनी गाठींच्या झालरीला, आणि बोईसरच्या दुकानदाराने पांढऱ्या सुती दोरीच्या रिळाला. ‘मॅक्रम किती देऊ, पाव किलो?’ असं तो विचारतो. कला वजनावर मिळते हे मला तिथेच प्रथम कळलं.

दुसरी संज्ञा होल्डर, म्हणजे ज्यात काहीतरी ठेवायचं असतं अशी वस्तू. काय ठेवायचं ते करून झाल्यावर सुचतं. शब्द नवा, वस्तू जुनी. छताला टांगलेली, दोऱ्यांनी गुंफलेली, आत भांडं बसेल अशी जी चीज आज ‘प्लँट होल्डर’ म्हणून विकली जाते, तिला आपल्या आज्या शिंकं म्हणत आणि तिच्यात लोणी ठेवत. मूळ शब्द संस्कृत ‘शिक्य’. शतपथ ब्राह्मणातल्या अग्निचयनात उखा, म्हणजे अग्नीचं मातीचं पात्र, शिक्यात धरून न्यायची असते. धगधगती आग दोरीच्या शिंक्यात! त्याच देशाने १९६९पासून तारापूरला अणूची आग पोलादी पात्रात ठेवली. तिथले अभियंते शतपथाच्या वाटेने गेले नाहीत हे, माझ्या गाठी पाहता, बरंच झालं.

तारापूरचा विषय निघालाच आहे तर एका मोहक पूर्वपक्षाचा समाचार घेतो. अणुवीज केंद्राचा करार १९६४ साली जनरल इलेक्ट्रिकशी झाला. अमेरिकी अभियंते या भागात राहायला आले. अभियंत्यांसोबत त्यांच्या बायका आल्या असणार, बायकांसोबत मॅक्रमे आलं असणार. सबब बोईसरचं घुबड मूळचं अमेरिकी. ऐकायला किती छान वाटतं! पण अमेरिकेत मॅक्रमेचं वेड घरोघरी शिरलं ते सत्तरच्या दशकात, आणि इथल्या पहिल्या दोन भट्ट्या त्याआधीच वीज देऊ लागल्या होत्या. म्हणजे कालक्रमच आडवा येतो. हा पूर्वपक्ष आणि त्याचं खंडन, दोन्ही मी बोईसरच्या मॅक्रमे-क्लासच्या पहिल्याच दिवशी नऊ महिलांसमोर मांडलं. शिकवणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘काका, दोरी कापा.’

दोरी कापणं हा या शास्त्रातला गणितभाग, आणि शिकाऊ माणूस इथेच गोत्यात येतो. नियम असा: तयार वस्तू जितकी लांब हवी त्याच्या चौपट दोरी, आणि ती मध्ये दुमडून काठीला अडकवायची असेल तर आठपट. एक वीत-सव्वा वीत नव्हे, चांगलं ३० सेंटिमीटरचं घुबड हवं असेल तर प्रत्येक दोरी २ मीटर ४० सेंटिमीटरची. अशा आठ दोऱ्या म्हणजे १९ मीटर २० सेंटिमीटर. हे आकडे घरी सांगितल्यावर चेहरे कोरे राहिले, म्हणून मी ते वारांत केले: बरोबर एकवीस वार. दोन नऊवारी लुगडी आणि वर तीन वार! एवढ्या कापडात दोन बायका अंगभर नेसल्या असत्या. त्यातून निघतो एक पक्षी, त्यालाही पाय नाहीत.

दोरी कोणती, यावर दोन पंथ आहेत. सुती दोरी हाताला मऊ, गाठ धरून ठेवणारी. पण आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर तिला बुरशीचे ठिपके येतात आणि पांढरं घुबड जातिवंत ठिपकेदार होतं. नायलॉनला बुरशी नाही, पण ती निसरडी. गाठ मारून पाठ फिरवली की सैल. तिची टोकं मेणबत्तीवर जाळून चिकटवावी लागतात. ऐंशीच्या दशकात दिवाणखान्यात लटकणारी ती चकचकीत, शेंदरी-पोपटी मॅक्रमे याच पंथाची. माझ्या मावशीकडच्या अशाच एका शिंक्यात टीव्हीच्या वर प्लॅस्टिकची फुलं असत आणि त्यांना हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती.

आता गाठींकडे येतो. क्लिफर्ड अ‍ॅशली या अमेरिकी चित्रकाराने १९४४ साली गाठींचा जो महाग्रंथ काढला, त्यात ३,८००हून अधिक नोंदी आहेत. मराठी माणूस मात्र मुळात दोनच गाठी मानतो: ओढली की सुटते ती सुरगाठ आणि ओढली की आवळते ती निरगाठ. जानव्याची ब्रह्मगाठ, शेला-शालूची लग्नगाठ आणि मनाशी बांधायची खूणगाठ हे विशेष वर्ग झाले. गुढीला लटकवून मग खायची साखरेची गाठी तर वेगळ्याच शास्त्रात मोडते. घुबडाला लागतात त्या तीन: काठीला दोरी अडकवायची लार्क्स हेड, अंग भरायची स्क्वेअर नॉट आणि कडा आखायची डबल हाफ हिच.

यांतली स्क्वेअर नॉट म्हणजे सगळ्या घुबडाचं मांस. चार दोऱ्या घ्यायच्या, मधल्या दोन नुसत्या ताणून धरायच्या आणि बाहेरच्या दोन त्यांच्याभोवती बांधायच्या. फोनवरच्या व्हिडिओत एक बाई सांगत होत्या, ‘डाव्या दोरीचा चार करा.’ मी केला. सुटला. पुन्हा केला, पुन्हा सुटला. बोईसरहून परतताना, उमरोळी गेल्यावर, डोक्यात प्रकाश पडला. बाईंचा चार इंग्रजी होता. काटकोनात मोडून आडवा जाणारा. मी आयुष्यभर हिशेबवहीत लिहिलेला मराठी ४ करत होतो, म्हणजे खाली एक वेटोळं आणि वर दोन शेंड्या. तो काही कोणाला धरून ठेवत नाही. चाळीस वर्षं ज्या आकड्याने पगार मोजला त्याला साधी दोरी आवळता येऊ नये, याचं दुःख मी पालघर स्टेशनच्या जिन्यावर एकट्याने सोसलं.

इंग्रजी चार जमल्यावर दुसरं संकट. गाठीचा पहिला अर्धा डावीकडून आणि दुसरा उजवीकडून घ्यायचा असतो. आलटून पालटून घेतला तर पट्टी सपाट येते. पण बोलण्याच्या नादात दोन्ही अर्धे एकाच बाजूने घेतले, की पट्टीला पीळ पडू लागतो आणि बोटभर उंचीत ती जिन्यासारखी गोल फिरते. क्लासमध्ये महिलांची सुनेवरची चर्चा कुठे रंगली होती ते त्यांच्या पट्ट्यांवरून मला नंतर अचूक सांगता येई. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; मी जाळून पाहिला नाही, उसवून पाहिला. उसवल्यावरही दोरी तशीच नागमोडी राहिली.

आता मुख्य प्रमेयाची सिद्धता. मॅक्रमे आडव्या काठीपासून सुरू होतं आणि वजनाने खाली लोंबतं. शिकाऊ माणसाला डावीकडे जे जमलं तेच तो उजवीकडे करतो, म्हणून प्राणी कायम समोरून पाहणारा निघतो. पाय करता येत नाहीत, म्हणून खाली झालर सोडायची. ती शेपटी समजावी. हत्तीची सोंड म्हणजे मधल्या दोऱ्यांची जुडी, पण सुती जुडी आखडून राहते आणि तिची चोच होते. मांजराचे कान गोंड्यांचे करावेत, तर घुबडाच्या डोक्यावरच्या शेंड्या उभ्या राहतात. माकडाचं तर बोलूच नये. वारली चित्रात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की माणूस उभा राहतो. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती अशाच मोजक्या रेषांत चालता-बोलता मुलूख दाखवल्याबद्दल. तिथे रेष कमी आणि जाण जास्त. आमच्याकडे दोरी एकवीस वार. शेवटी दोन लाकडी मणी ओवले, की समोर घुबड बसलेलं असतं. क्लासच्या बाई तर स्पष्टच म्हणाल्या, ‘काका, डोळे लावेपर्यंत काहीही असतं. डोळे लावले की तेच.’

उपप्रमेय: घुबड घरात लावावं का? सासूबाईंच्या मते मुळीच नाही, दारात अपशकून. माझ्या मते ते लक्ष्मीचं वाहन. सासूबाई म्हणाल्या, ‘वाहन आलंय, लक्ष्मी कुठाय?’ यावर शास्त्रात उत्तर नाही. मी विषय पक्षिशास्त्राकडे वळवला. आपल्याकडचा रानपिंगळा, तोही घुबडच, १८८४नंतर नाहीसाच झाला होता. मध्ये मेनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने १९१४ साली आपल्याला तो सापडल्याचा नमुना दाखवला. पुढे कळलं की ती संग्रहालयातून चोरलेली जुनी कातडी होती, नव्याने भरून नवी चिठ्ठी लावलेली. पॅमेला रॅसमुसन यांनी ही लबाडी उघड केली आणि १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ खरा जिवंत रानपिंगळा हुडकला, ११३ वर्षांनी. मग २०१४ साली तो तानसा अभयारण्यातही आढळला. हे अभयारण्य शहापूरबरोबर पालघरच्या वाडा आणि मोखाडा तालुक्यांतही पसरलेलं आहे. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. म्हणजे ज्या साली जिल्हा मिळाला त्याच साली घुबडही मिळालं. याहून मोठा शुभशकुन कोणता? सासूबाई तोवर झोपल्या होत्या.

प्रमेय मोडायचा एक प्रामाणिक प्रयत्न मी केला, तो पापलेटचा. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. आकारही सोयीचा, पतंगासारखा चौकोन. हिचच्या चार तिरप्या ओळी आणि खाली शेपटीची झालर. सुबक झालं. मासा कडेने दिसतो म्हणून मी एकच मणी लावला. हिने पाहिलं आणि विचारलं, ‘बिचारं काणं का?’ तेवढ्यासाठी दुसरा मणी लावला. व्हायचं तेच झालं.

तरीही तज्ज्ञाचं मत घ्यावं म्हणून पालघरहून एसटीने सातपाटीला गेलो. बंदरावर एक वयस्कर काका मांडीवर नायलॉनचं जाळं पसरून फाटलेला भाग सांधत होते. प्लॅस्टिकची चपटी सुई, तिच्यावर गुंडाळलेला दोरा. हात चाललेला आणि नजर समुद्राकडे. मी पिशवीतून वस्तू काढून त्यांच्यापुढे धरली.

‘काय हे?’

‘पापलेट.’

त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. ‘दोन्ही डोळे एकाच बाजूला? मग लेप म्हणा की.’

मी जागीच थांबलो. लेप हा चपटा मासा. वाळूवर पडून राहतो आणि त्याचे दोन्ही डोळे खरोखरच एका अंगाला असतात. म्हणजे समोरून पाहणारा, दोन डोळ्यांचा, तरीही घुबड नसलेला प्राणी निसर्गात आहे आणि तो मी नकळत बनवला होता! प्रमेयाला तडा गेला तो असा, सातपाटीच्या धक्क्यावर, उभ्या उभ्या.

काकांनी मात्र बोटाने एक गाठ ढकलून पाहिली. ती मधल्या दोऱ्यांवरून गुळगुळीत वर सरकली. ‘सरकते,’ ते म्हणाले. मग त्यांच्या जाळ्यातली एक गाठ त्यांनी माझ्या नखाखाली ठेवली. मी जोर लावला. जागची हलली नाही. ती सरकली तर एक घर मोठं होतं, एक लहान. मोठ्यातून मासा जातो, लहानात त्याचं डोकंच शिरत नाही. आमच्या स्क्वेअर नॉटला सरकायची मुभा असते, कारण तिच्या भरवशावर कोणाचा संसार नसतो. पिशवीत परत ठेवताना त्यांनी विचारलं, ‘ठेवता काय त्यात?’ मी म्हणालो, ‘शोभेचं आहे.’ ते समुद्राकडे पाहून हसले.

त्या प्रश्नाचं उत्तर परवा घरीच मिळालं. हिने सुक्या बोंबलांची पुडी बोक्यापासून वाचवायला म्हणून हत्तीच्या घुबडाच्या पोटात कोंबली आणि ते स्वयंपाकघराच्या कडीला टांगलं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं, ही म्हण निदान दोन आज्यांपासून ऐकत आलोय. प्रयोग करून कोणी पाहिलेली नाही. बोका काल दुपारपासून खाली बसून वर पाहतोय. घुबड दोन्ही मण्यांनी खाली पाहतंय. वरची गाठ मी पहिल्या आठवड्यात मारलेली आहे, मराठी ४ची. हा मजकूर लिहून होईपर्यंत ती सुटलेली नाही.