अस्सल प्रवासी

सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमधल्या संग्रहालयात ला मेसा या मॉडेल रेल्वे क्लबने कॅलिफोर्नियातला तेहाचापी घाट १:८७ प्रमाणात उभारला आहे. लोकांसाठी खुल्या असलेल्या अशा क्लबांचे दुखणे रुळांचे नसते, प्रेक्षकांचे असते. सभासदांना गाड्या वेळापत्रकाबरहुकूम चालवायच्या असतात. म्हणजे क्रॉसिंगसाठी मालगाडी बाजूच्या रुळावर तिष्ठत उभी. कठड्याला नाक लावून बसलेले पोर मात्र ओरडते, ‘बाबा, बंद पडली!’ गाड्या नुसत्या गोल फिरवणे हा पोरखेळ, असे कर्मठ सभासदांचे म्हणणे. पण चढ सौम्य ठेवण्यासाठी १८७६ साली पुऱ्या झालेल्या खऱ्या तेहाचापी लूपवरही रूळ वळसा घालून स्वतःलाच ओलांडतात. लांब मालगाडीचे इंजिन आपल्याच शेपटावरून जाते. तो पोरखेळ कुणाच्या खाती मांडायचा?

मग गाड्या नुसत्या फिरवून सिग्नलांवरची मेहनत पाण्यात घालायची का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तोडगाही सरळ आहे: दिवसा गाड्या फिरत्या ठेवाव्यात, दारे बंद झाल्यावर वेळापत्रक काढावे. पण अस्सलपणाचा एवढाच सोस असेल, तर फलाटावरचे ते निमूट प्लॅस्टिकचे पुतळे आधी हटवा. ‘गाडी का थांबलीय?’ असे वैतागून विचारणारा प्रेक्षक हाच तिथला एकमेव अस्सल प्रवासी.