भावी नगरसेवक खिडकीत

"वहिनी, कळलं का? मास्तरीणबाईंच्या हॉलमध्ये रात्रीपासून भावी नगरसेवक मुक्कामाला आहेत!"

मी पिळलेली चादर हातात धरून तशीच उभी. काकूंची बातमी नेहमी अशी मधूनच सुरू होते. आमच्या दोघींच्या घरांमधली भिंत छातीएवढी, आणि कासारवाडीत इतर ठिकाणी असतात तशा तिच्यावर काचा खोवलेल्या नाहीत. त्यामुळे कोपरं टेकून बोलायची उत्तम सोय.

"कोण भावी? आणि बाईंकडे कशाला?"

"अहो, फ्लेक्स! २०२२ च्या निवडणुकीसाठी छापलेला. निवडणूक गेली लांबणीवर, महापालिकेत बसला प्रशासक, आणि हा बाबा हात जोडून आमच्या पोटमाळ्यावर पडून. काल बाईंच्या खिडकीला बांधला, तेव्हा पहिल्यांदा जनतेच्या उपयोगी पडला."

काल माझी सेकंड शिफ्ट. चाकणहून कंपनीची बस आली तोवर बारा वाजून गेलेले, गल्लीत नुसता पाला नि चिखल. काय झालं ते मला काकूंकडूनच कळणार होतं, आणि काकूंनाही ते मलाच आधी सांगायचं होतं.

"साडेसहाला वळीव सुटला. आधी धुळीचा लोट, मग वारा असा की रेल्वेलाइनपलीकडचे पत्रे खडाखडा वाजायला लागले. मागच्या प्लॉटातला आंबा आहे ना, ज्याची फांदी छाटा म्हणून बाई दोन वर्षं सांगतायत? ती फांदी मोडली ती थेट हॉलच्या खिडकीत. स्लायडिंगच्या दोन्ही काचांचा चुरा, ग्रिल वाकलेलं, सोफ्यावर कैऱ्या. आणि तोच वारा घरात शिरून मागचं दार इतक्या जोरात आपटलं की कडी-कोयंडा उपटून खाली."

"बाई एकट्याच?"

"एकट्याच. लेक हिंजवडीत. फोनवरून सांगतो कसा, 'आई, कशाला हात लावू नकोस, मी ॲपवरून माणूस बुक करतो.' ॲपनं स्लॉट दिला दुसऱ्या दिवशी अकराचा! पाऊस काय स्लॉट बघून येतो?"

"आणि सूनबाई?"

"ती अडकलेली नाशिक फाट्याच्या पुलावर. पण तिचं खरं कौतुक हो. आली ती पर्स ठेवून सरळ झाडू घेऊन उभी. लोक काय वाट्टेल ते बोलतात तिच्याबद्दल." हे 'लोक' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात याच भिंतीवर कोपर टेकून झालेली चर्चा मला पाठ होती.

तेवढ्यात आतून काकूंचे यजमान अण्णा चहाचा कप घेऊन बाहेर आले. भोसरीत गाड्यांच्या काचांच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस. काच हा शब्द कानावर पडला की त्यांना घरात बसवत नाही.

"झाडूच तर घ्यायला नको होता," अण्णा म्हणाले. "आधी मेन स्विच बंद, कारण खिडकीखालचा बोर्ड भिजलेला. मग पायात बूट. आणि चौकटीत लोंबणारे तुकडे आधी काढायचे, तेही वरून खाली. खालचा ओढायला गेलात की वरचा सुरा मनगटावर येतो. घराला बसवतात ती साधी काच, फुटली की लांब धारदार पाती होतात. गाडीच्या दाराची काच सहाशे अंशांच्या वर तापवून एकदम गार हवेच्या झोतात धरतात, म्हणून तिचे फुटून खडीसाखरेएवढे दाणे होतात. पुढची काच तर दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली. तडकते, पण जागा सोडत नाही."

"ते आपल्याकडच्या पोरांना बरोबर माहिती आहे," काकू म्हणाल्या. "दहशत बसवायला कोयते घेऊन निघतात, ते बाजूच्या काचांवरच मारतात. मग महिनाभर गाडीच्या दाराला पुठ्ठा नि चिकटपट्टी."

बारीक कण शेवटी कशानं उचलले, ते मात्र काकूंनी अभिमानानं सांगितलं. सूनबाईंनी कणकेचा ओला गोळा करून फरशीभर दाबत नेला. झाडूला दिसत नाहीत ते कण कणकेला चिकटतात. गोळा कागदात गुंडाळला, वर 'काच' असं लिहिलं आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा दिला.

"पण प्लाय नाही लावला? नुसत्या फ्लेक्सवर भागलं?"

"प्लाय आणायचा कुठून रात्री आठला? दुकानं बंद. पूर्वी कुदळवाडीत गेलं की पॅकिंगच्या लाकडाच्या फळ्या, पेट्या, हवं ते मिळायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथं बुलडोझर फिरले, भंगाराची सगळी गोदामं साफ."

"आणि खरं सांगू का वहिनी," अण्णांनी कप भिंतीवर ठेवला, "आपल्याकडे खिडकीला प्लायची तशी घाई नसते. ग्रिल असतं. चोर आत येत नाही, येतो तो पाऊस. फ्लेक्स बाहेरून ग्रिलवर ताणायचा, वरची कड आत दुमडून घ्यायची म्हणजे पाणी मागं उतरत नाही, आतून लाकडी रीप आडवी धरायची, आणि रीप नि ग्रिल बाइंडिंगच्या तारेनं पक्कडीनं आवळायचं. ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये एकही खिळा ठोकायचा नाही. ठोकलात की काचेच्या खर्चात सेक्शनचा खर्च आला."

"तारीफ स्वतःचीच," काकू म्हणाल्या. "चेहरा आतल्या बाजूला कुणी केला? बाई टीव्ही बघतात आणि हा हात जोडून त्यांच्याकडे बघतो."

"छापील बाजू गुळगुळीत, म्हणून बाहेर करायला हवी होती, ते खरंय," अण्णांनी पडतं घेतलं.

टाम्पातल्या पुतण्याला काकूंनी रात्रीच फोटो पाठवला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मिल्टन' वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा त्याच्याकडे याची मोठी तालीम झाली. तिथं वादळ यायच्या आधीच खिडक्यांवर प्लाय बसवतात. प्रत्येक खिडकीचा प्लाय मापानं कापलेला, त्यावर नंबर घातलेला, आणि एरवी गॅरेजमध्ये उभा करून ठेवलेला. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारून काही होत नाही, असं तिथलं हवामान खातं बजावून सांगतं. उलट पट्टीमुळे मोठमोठे तुकडे एकत्र उडतात. आणि वादळानंतर काही फुटलंच, तर रात्रीबेरात्री येऊन खिडक्या-दारं फळ्यांनी बंद करून देणाऱ्या कंपन्या असतात. फोन केला की गाडी दारात.

"आपल्याकडे ती कंपनी म्हणजे हे," काकूंनी अण्णांकडे बोट केलं. "फुकट. वर दोन कप चहा."

पण मग त्या जरा गंभीर झाल्या. काकू मूळच्या श्रीवर्धनच्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभराच्या पुढं. त्यांच्या भावानं वाऱ्याकडच्या खोलीचं दार खाटेनं अडवलं होतं. पण वरची खिडकी फुटली, वारा आत भरला आणि पाठोपाठ छप्परच उचललं.

"छप्पर वरून ओढलं जातं, आणि खिडकी फुटली की आतूनही ढकललं जातं," अण्णा म्हणाले. "म्हणून वाऱ्याच्या तोंडावरचं भोक आधी बुजवायचं."

"बुजवणार कशानं? लॉकडाउन चालू. पत्रा नाही, कौल नाही, सुतार गावी गेलेले. सुपारीच्या बागा आडव्या, वीज कित्येक आठवडे नाही. दादानं जुन्या होडीची ताडपत्री फाडून खिडकीला मारली आणि अख्खा पावसाळा तिच्याआड काढला."

मला माझी बहीण आठवली. ती डोंबिवलीत, एमआयडीसीपासून बऱ्यापैकी लांब. तरी २६ मे २०१६ ला केमिकल कंपनीत स्फोट झाला, तेव्हा तिच्या स्वयंपाकघराच्या काचा ओट्यावर. पुन्हा २३ मे २०२४ ला दुसऱ्या कंपनीत स्फोट, पुन्हा काचा. दोन्ही वेळा मे संपत आलेला, पाऊस दारात, आणि शेकडो घरांच्या काचा एकाच दिवशी फुटल्यावर काचवाला येतो कुणाकडे? तिच्याकडे दहा दिवसांनी आला. तोवर शॉवर कर्टन आणि पोळपाटाएवढे पुठ्ठे.

"स्फोटाचा धक्का आधी ढकलतो, मग माघारी ओढतो," अण्णा म्हणाले. "म्हणून काच कधी घरात पडते, कधी रस्त्यावर. खालून चालणाऱ्यानं वर बघायचं नसतं."

"यांच्या वडिलांना विचारायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "माझे सासरे १९४४ साली मुंबईत, गोदीजवळच्या चाळीत. १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास 'फोर्ट स्टिकिन' जहाज उडालं, अर्ध्या तासानं पुन्हा. जहाजात दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा. लांबलांबच्या काचा गेल्या, आणि एका पारशी गृहस्थाच्या घरात तर सोन्याची वीट छपरातून येऊन पडली. आपल्याकडे काय येतं? कैऱ्या."

"लोणचं तरी होईल," मी म्हटलं.

"घातलं पण! काचा लागलेल्या टाकल्या, झाडावरच्या काढल्या."

मागच्या दाराचं मात्र अण्णा सोडायला तयार नव्हते. बाईंचा लेक फोनवरून म्हणत होता, "दोन फळ्या आडव्या ठोका आणि बंद करून टाका." अण्णांनी साफ नकार दिला. त्यांनी नवीन कोयंडा आतल्या बाजूनं, जुन्या भोकांपासून चार बोटं वर, लांब स्क्रूनं बसवला. दार रात्री आतून एका हातानं उघडलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. ३० ऑगस्ट २०२३ ला चिखलीच्या पूर्णानगरात पहाटे एका दुकानाला आग लागली आणि आत झोपलेल्या एकाच कुटुंबातले चौघं गेले. तेव्हापासून बाहेर पडायची वाट बंद करणारा कुठलाही खिळा अण्णा ठोकत नाहीत, कुणी कितीही भ्यायलं असलं तरी.

"आणि फोटो काढले का?" मी विचारलं. कंपनीत सेफ्टीच्या मीटिंगमध्ये बसून बसून ही सवय लागलेली.

"सूनबाईंनी काढले, झाडायच्या आधी. फांदी, काच, दार, सगळ्याचे. तिनं घराचा विमा काढून ठेवलाय, लेकाला पत्ताच नव्हता! एप्रिल २०२१ पासून ती 'भारत गृह रक्षा' म्हणून पॉलिसी सगळ्या कंपन्या देतात ना, ती. वादळात घर उघडं पडलं आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर तीही त्यात धरतात म्हणे. म्हणजे बघा, दार मोडलं की चोर येतो हे त्यांनाही माहिती. पण तुम्हीही आपल्या बाजूनं घर झाकायला हवं. उघडं टाकून मागाहून रडलात तर कोण ऐकणार?"

"झाकलेलं पुन्हा उघडायचंही असतं," अण्णा म्हणाले, आणि भिंतीवरून माझ्या घराच्या बाथरूमकडे बघितलं.

मी चादर झटकायला लागले. आमच्या बाथरूमच्या झडपेला लॉकडाउनमध्ये 'तात्पुरता' लावलेला प्लाय अजून तिथंच आहे. त्याचे थर सुटलेत, खालची कड वाळवीनं खाल्लीये, आणि त्याच्याच खिळ्याला आता आमचा टॉवेल असतो. काचवाल्याला बोलवायचं ठरतं, मग दसरा येतो, मग दिवाळी. आपल्याकडे भोक बुजवायला एक रात्र पुरते, काच बसवायला पाच वर्षं लागतात.

"मी सांगतो तसं करा," अण्णा म्हणाले. "प्लायवर मार्करनं तारीख लिहायची. रोज दिसली की लाज वाटते. बाईंच्या फ्लेक्सवर मी कालच लिहिली, थेट कपाळावर."

"ते जाऊ दे. मुद्द्याचं बोला," काकूंनी कोपर बदललं. "जूनमध्ये खरा पाऊस सुरू होणार. पुढची फांदी कुणाच्या घरात येते सांगता येत नाही, आणि फ्लेक्स एकच होता, तो गेला. गल्लीत मिळून दोन प्लाय, एक ताडपत्री, तारेचं वेटोळं नि हातमोजे ठेवले तर?"

"वर्गणी?"

"घरटी काढू. मास्तरीणबाई दुप्पट देणार म्हणाल्या."

"ठेवायचं कुणाकडे?"

इथं दोघंही माझ्या पोर्चकडे बघायला लागले. पोर्चमध्ये आमची स्कूटर आणि सासूबाईंच्या तुळशीच्या कुंड्या. जागा नाही म्हणावं, तर काकू उद्या सगळ्या गल्लीला सांगणार.

"ठेवते," मी म्हटलं. "पण आमच्या कंपनीत मशीनच्या पेट्यांचा प्लाय भंगारात जातो. स्टोअरमध्ये विचारते, रीतसर गेटपास करून मिळाला तर वर्गणी वाचेल. जाड असतो, बारा एमएमचा."

"मग प्रत्येक घराची मोठी खिडकी मोजून ठेवा," अण्णा लगेच कामाला लागले. "रुंदी-उंची दोन्ही, ग्रिलच्या बाहेरून. त्याप्रमाणं कापून नंबर घालतो."

"कुणाच्या घरात जाऊन मोजायचं हो? सगळी कारणं विचारतील."

"म्हणून तर मी येते तुमच्याबरोबर," काकू म्हणाल्या. "पाटकर वाड्यापासून सुरू करू, त्यांचं नवीन फर्निचर अजून बघायचंय. आणि माप इंचात घ्या बरं का, यांच्या टेपवरचे सेंटिमीटर पुसले गेलेत."