सातबारा डॉक्युमेंटात कसा भरावा : नवशिक्यांसाठी

साहित्य : जावा 16 किंवा पुढची आवृत्ती (रेकॉर्ड हा प्रकार 2021 साली याच आवृत्तीत पक्का झाला), मोंगोडीबी आणि राहुरीच्या मामांचा सातबारा. भाऊबंदकीचा दावा चालू असेल तर उत्तम, सराव चांगला होतो.

पायरी पहिली. रेकॉर्ड लिहा : गाव, गट क्रमांक, क्षेत्र, खातेदार. ‘क्रमांक’ आहे म्हणून गट क्रमांकाला पूर्णांक ठरवा. पहिलाच उतारा 112/2/अ निघेल. गुपचूप स्ट्रिंग करा.

पायरी दुसरी, क्षेत्र. उताऱ्यावर 0.40.50 छापलेलं असतं : हेक्टर, आर, चौरस मीटर. दोन टिंबांची संख्या कुठल्याही कंपायलरला पचत नाही. म्हणून हीसुद्धा स्ट्रिंग करा आणि पाच भावांच्या क्षेत्राची बेरीज मागा. आकडे एकापुढे एक चिकटून येतील. शहाण्याने 4050 चौरस मीटर असा पूर्णांक साठवावा, टिंबं छापताना द्यावीत.

पायरी तिसरी. खातेदारांसाठी वेगळं टेबल नको, यादी डॉक्युमेंटच्या पोटातच ठेवा. एका डॉक्युमेंटला 16 एमबीची मर्यादा आहे, पण घाबरू नका. एवढे वारस अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठल्याच गटाला नसतील. अजून तरी.

खरी मेख फेरफारात आहे. फेरफार मंजूर झाला की जुनं नाव कंसात जातं, नाहीसं होत नाही. म्हणून तर पणजोबा सापडतात. रेकॉर्डही एकदा बनलं की बदलत नाही, नवं करावं लागतं. डेटाबेस मात्र तुम्ही सांगाल तसं जुन्यावर निमूटपणे नवं लिहितो. कंसातल्या नावांची सोय, फेरफार क्रमांकासकट, रेकॉर्डमध्येच करा. तुमच्यासाठी ती दुसरं कोणी करणार नाही.

पायरी चौथी. प्रत्येक डॉक्युमेंटात जिल्ह्याचं नाव कोरा. 2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. आता निम्मे उतारे एका नावाने सापडतील, निम्मे दुसऱ्या. डेटाबेसची काही तक्रार नाही, त्याच्या लेखी हे दोन जिल्हे. तालुका नुसता ‘कर्जत’ लिहिलात तर रायगडातलं कर्जतही दारात येईल. जिल्ह्याला, तालुक्याला कोड द्या. नावं एकाच जागी ठेवा.

झालं. पीककर्जासाठी मात्र मामांना हे डॉक्युमेंट देऊ नका. त्याला डिजिटल सहीचा उतारा लागतो. तो महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो.