नाव घेत नाही, पण प्रार्थनेत ठेवा

ख्रिस्ती माणूस कुजबुज करत नाही, तो प्रार्थना-विनंती देतो. दिंडोरी तालुक्यातल्या कुठल्याही घरगुती प्रार्थनासभेत शेवटचं गीत संपलं, की चहा येण्याआधी कुणाच्या तरी मनावर प्रभू ओझं ठेवतोच. “नाव घेत नाही, पण एका कुटुंबासाठी प्रार्थना करा.” नाव न घेण्यावर निष्ठा इतकी कडवी, की नाव सोडून सगळं सांगितलं जातं. घर पालखेड रस्त्याला आहे, द्राक्षाची छाटणी यंदा मजुरांअभावी लांबली, सून दिवाळीपासून माहेरी आहे आणि थोरला गेल्या रविवारी उपासनेला आला तो डोळे लाल करून. एवढ्यावरही एखाद्याला ओळख पटली नाही, तर शेजारची बहीण मदतीला धावते: “हंगामाच्या उपकारस्तुतीत ज्यांच्या टोमॅटोच्या क्रेटला लिलावात सगळ्यात मोठी बोली लागली ना, ते.” नाव अजूनही घेतलेलं नाही, हे लक्षात असू द्या. मग सगळे डोळे मिटतात आणि उरलेला तपशील देवाला कळवतात. तो सर्वज्ञ खरा, पण सुनेचं माहेर कुठलं हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. नाशिकची एसटी ढकांब्याला पोचत नाही तोवर विनंती शरणपूर रोडवर चार घरांत आमेनसकट पोचलेली असते. ज्याच्यासाठी अख्खा तालुका गुडघे टेकून बसलाय, त्या थोरल्याला फोन मात्र कुणीच करत नाही.

शास्त्र याबाबत मोघम असतं तर समजून घेता आलं असतं. मत्तयाच्या १८व्या अध्यायात क्रम सरळ आहे: आधी त्याच्याकडे एकटे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या, त्यानंतर मंडळीला सांगा. आपण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो आणि पहिलीवर येईपर्यंत त्या माणसाने मंडळी बदललेली असते. यावर जाणकार पौलाला साक्षीला उभं करतात: करिंथच्या भांडणांची खबर त्यालाही कुणी तरी दिलीच ना? दिली. पण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याने सांगणाऱ्यांची ओळख लिहून टाकली, ख्लोवेची माणसं म्हणून. शिवाय बसला होता इफिसात, तरी पत्र धाडलं ते ज्यांची भांडणं त्यांनाच. पेत्र चुकला तेव्हाही पौल अंत्युखियात त्याच्या तोंडावर बोलला. आपल्याकडे बातमी आणतो तो “कुणीतरी”. हा कुणीतरी प्रत्येक मंडळीचा सगळ्यात जुना सभासद. वर्गणी मात्र त्याने आजवर भरलेली नाही.

गप्प बसलं तर गैरप्रकार झाकले जातात, हा आक्षेप मात्र खरा आहे. हिशोबाच्या वह्या ज्यांच्या कपाटात असतात त्यांना तर तो केव्हाच कळलेला असतो. वार्षिक सभेत कुणी पावत्या मागितल्या, की लगेच तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ५वा अध्याय उघडतो आणि १९वं वचन ऐकवलं जातं: दोघा-तिघा साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दाखल करून घेऊ नये. वाचन तिथेच थांबतं. पाप करणाऱ्यांची सर्वांदेखत कानउघाडणी करायला सांगणाऱ्या २०व्या वचनाने यांचं काय घोडं मारलंय? पावती मागणं ही निंदा नव्हे. अन्याय झालेल्या बाईने पोलीस ठाण्याची पायरी चढणं तर मुळीच नव्हे. पण पावती मागायची तर सभेत हात वर करावा लागतो, इतिवृत्तात नाव लागतं. त्यापेक्षा फाटकाबाहेर, चालू स्कूटरवरून एक पाय जमिनीला टेकवून “किती खाल्लं बघा, प्रार्थनेत ठेवा” हे फार स्वस्त पडतं. आत इतिवृत्तात हिशोब एकमताने मंजूर झाल्याची नोंद असते, आणि त्या एकमतात हा स्कूटरवालाही असतो.