सातअक्षरी काका

‘चहा टाकू का?’ असं काकूंनी विचारलं की काका मनातल्या मनात टी, ई, ए ही अक्षरं मांडतात, उलटीसुलटी फिरवून बघतात आणि हिरमुसतात. कशीही लावा, गुण तीनच! कॉफी मात्र १४ गुणांची. घरात हल्ली कॉफीच होते.

बँकेतून निवृत्त झालेली माणसं अध्यात्माकडे तरी वळतात, नाहीतर सोसायटीच्या राजकारणाकडे. काका स्क्रॅबलकडे वळले. शब्दाचा अर्थ ही त्यांना क्षुल्लक बाब वाटते. क्यू-आय हा शब्द त्यांनी लावला की समोरचा विचारतो, ‘म्हणजे काय हो?’ काका शांतपणे सांगतात, ‘११ गुण.’

खरा जीव सात अक्षरांत. रॅकवरच्या सातही टाइल एका दमात लावल्या की वर ५० गुण. त्यासाठी काकांनी वह्याच्या वह्या भरल्या आहेत. आर, ई, टी, ए, आय, एन, एस हे त्यांचं कुलदैवत. त्यातून ‘रिटेन्स’ निघतो, ‘नॅस्टिअर’ निघतो, ‘स्टेनर’ निघतो, आणि ‘रेट्सिना’ नावाची ग्रीक वाइनसुद्धा निघते. काकांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. रेट्सिना मात्र चारचौघांत, भर दुपारी, बिनदिक्कत लावली आहे.

आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टची १९३०च्या मंदीत नोकरी गेली आणि त्यानं हा खेळ रचला. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्यानं वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून मोजलं. काकाही पेपर तसाच वाचतात. सरकार पडलं हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळतं.

पण देव एकच, नायजेल रिचर्ड्स. न्यूझीलंडच्या या पठ्ठ्यानं २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद पटकावलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं! नुसता शब्दकोश पाठ केलेला. ‘भाषा येत नव्हती म्हणूनच जमलं,’ काका सांगतात. ‘नाहीतर अर्थ मध्ये तडमडतो.’

स्क्रॅबलमध्ये विशेषनामं चालत नाहीत. त्यामुळेच की काय, काकांना जावयाचं नाव आठवत नाही. ते त्याला ‘अहो’ म्हणतात. आपलं हक्काचं संबोधन असं दुसऱ्याला देऊन टाकलेलं काकूंना खपत नाही, तो भाग वेगळा.

परवा काकू त्यांना डोळे तपासायला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तक्त्यावरच्या एका ओळीवर छडी ठेवली. एफ, ई, एल, ओ, पी, झेड, डी. काका बघतच राहिले. मिनिट गेलं. डॉक्टरांनी हलकेच विचारलं, ‘दिसत नाहीये का?’

‘दिसतंय हो सगळं,’ काका कळवळून म्हणाले, ‘पण झेड कुठं बसेना!’