आडवाटकर

आडवाटकर हे आडनाव शिरोड्याच्या मतदारयादीत शोधू नका. शिरोडकर, रेडकर, आजगावकर, आरोंदेकर ही आडनावं गावावरून पडली. हे वृत्तीवरून पडलेलं आहे आणि ते मी पाडलेलं आहे. दर वाडीत एक तरी आडवाटकर असतोच. वय वीस आणि पस्तीस यांच्यामध्ये कुठेतरी. शिक्षण पूर्ण, फक्त एक विषय राहिलेला. नोकरी गोव्यात, लागायचीच काय ती बाकी. पडवीलगतच्या खोलीत एक कॉम्प्युटर, त्यात मुंबईच्या आतेभावाने नवं घेतल्यावर काढून दिलेलं ग्राफिक कार्ड, आणि पडद्यावर पांढऱ्या केसांचा, पाठीला दोन तलवारी लावलेला एक उग्र माणूस कुणातरी म्हातारीशी बोलत उभा.

हा उग्र माणूस म्हणजे गेराल्ट. 'द विचर 3' हा पोलंडमधल्या कंपनीने 2015 साली काढलेला गेम. भुतंखेतं मारणं हा गेराल्टचा पोटापाण्याचा धंदा. लेकीसारखी वाढवलेली मुलगी हरवली आहे, भुतांचं घोडदळ तिच्या मागावर आहे आणि तिला शोधणं हे त्याचं मुख्य काम आहे. गेमच्या भाषेत मेन क्वेस्ट. आता पोटची नसली तरी पोर हरवलेला माणूस काय करील? धावत सुटेल. आडवाटकराचा गेराल्ट पहिल्याच गावात थांबतो. तिथे एका झोपडीच्या दाराशी म्हातारी उभी आहे. तिचा तवा कुणीतरी मागून नेला, परत दिलाच नाही, आणि दार बंद. हे काम केलंच पाहिजे असं नाही. केलं नाही म्हणून गोष्ट कुठे अडत नाही. याला साइड क्वेस्ट म्हणतात, आणि आडवाटकर जन्माला आला तो याचसाठी.

"आजयेचो तवो अडाकलो, आणि मी पोरगी शोधीत फिरू?" तो मला विचारतो. यावर काय बोलणार?

गेराल्ट मंत्र टाकून दार फोडतो. आत तवा आहे आणि शेजारी एक प्रेत आहे. तवा खरवडून लख्ख केलेला. काजळीची शाई करून कुणी काहीतरी लिहीत होता. म्हणजे आत खून आहे, हेरगिरी आहे, राजकारण आहे. म्हातारीला त्याचं काय? तिला तवा मिळाला, तोही घासलेला. आडवाटकर हे सांगताना गहिवरतो. त्याचं म्हणणं, पोलंडच्या लोकांना आमची वाडी ठाऊक असल्याशिवाय ही म्हातारी सुचलीच नसती.

गेम मिटल्यावरही त्याची ही सवय सुटत नाही, घोळ होतो तो तिथे. मे महिन्यात आईने त्याला वेंगुर्ल्याला एक दाखला आणायला पिटाळलं. नोकरीसाठी हवा होता, मेन क्वेस्टच म्हणा. नाक्यावर एका आजीने हाक मारली. गेल्या चतुर्थीला तिचा मोठा टोप आरवलीतल्या एका घरी गेला होता, तो अजून यायचा होता. वेंगुर्ल्याच्याच वाटेवर आरवली, म्हणून हा वळला. तिथल्या काकीने सांगितलं, टोप देते, पण त्यात कोकमाचं आगळ मुरतंय आणि मीठ कमी पडलंय. झालं. एका कामाच्या पोटातून दुसरं निघालं की आडवाटकराच्या डोळ्यांत जी चमक येते ती बोर्डात आलेल्या पोराच्या बापाच्या डोळ्यांतही येत नाही. तो उलटा शिरोड्याला आला, मिठागरावरून जाडं मीठ घेतलं, पुन्हा आरवलीला गेला, आगळ दुसऱ्या भांड्यात काढून दिलं आणि टोप स्कूटरवर उपडा बांधला. गेराल्टच्या अंगावर ओझं जास्त झालं की त्याला धावता येत नाही, नुसतं चालता येतं. स्कूटरचंही तेच झालं. संध्याकाळी हा दारात उभा राहिला तेव्हा हातात आगळाची बाटली होती, खिशात आजीने दिलेले दोन पिकले आंबे होते.

"दाखलो?" आई म्हणाली.

"ऑफिस बंद झाला असतला."

त्याच्या बचावासाठी त्याने गावचा इतिहासच कामाला लावला आहे. वडिलांना तो सांगतो, वि. स. खांडेकर 1920 साली शिरोड्याला आले ते शाळेत मास्तर म्हणून. तेवढंच त्यांचं मुख्य काम. अठरा वर्षं इथे राहिले, कथा-कादंबऱ्या केल्या त्या शाळा सांभाळून. म्हणजे साइड क्वेस्टच की! आणि पुढे ज्ञानपीठ मिळालं ते काय हजेरीपट भरल्याबद्दल? वडील तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले आहेत, ते पेपरातून मान वर न करता म्हणतात, "खांडेकरांनी कादंबऱ्यो पुऱ्यो केल्यानी."

हा घाव बसला की तो रेडीला जातो, म्हणजे उदाहरणासाठी. 1976 साली रेडीच्या खाणीत जमिनीखाली गणपतीची मूर्ती सापडली. लोकांनी तेवढ्यावर खोदणं थांबवलं असतं तर? पुढे काही दिवसांनी उंदीरही सापडला. गणपती मेन क्वेस्ट, उंदीर साइड. पण उंदराशिवाय गणपती शोभतो का? हा मुद्दा मलाही बिनतोड वाटतो. मात्र याच नादात एकदा तो निवृत्त इतिहासशिक्षकांना म्हणाला की, मिठाच्या सत्याग्रहात दांडी ही मेन क्वेस्ट होती आणि 1930च्या मे महिन्यातला शिरोड्याचा सत्याग्रह ही साइड. गुरुजींनी त्याला मिठागरापर्यंत चालवत नेलं आणि महाराष्ट्रभरातून इथे कोण कोण आलं, लाठ्या कशा बसल्या हे भर उन्हात उभं करून ऐकवलं. त्या दिवसापासून शिरोडा मेन क्वेस्टमध्ये आहे.

वेतोबाच्या बाबतीत मात्र त्याचं आणि गावाचं एकमत आहे. आरवलीचा वेतोबा रात्री सीमेवरून फेरी मारतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या, भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. गेराल्टचं चिलखतही वापरून झिजतं आणि कारागिराकडे न्यावं लागतं. आडवाटकराच्या मते वेतोबा हा पहिला खेळाडू. रोज अख्खा नकाशा पायी फिरतो. चाकरमान्यांसारखं नाही. ते येणार पाच दिवसांसाठी, रेडी, तेरेखोल, वेळागर, सुरमईचं ताट, सगळं टिकमार्क करत जाणार. त्याच्या त्या आतेभावाने हाच गेम सुट्टीत उरकला. 'उरकला' हा त्याचाच शब्द. म्हातारीचं बोलणं त्याने बटण दाबून पुढे ढकललं होतं. आडवाटकर त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही.

दशावतारातही आख्यानाआधी आडदशावतार असतो, त्यात काळा संकासुर येऊन मालवणीत वाटेल ते बरळतो. राजे तलवारी उपसून बसलेले असतात, पण म्हाताऱ्याकोताऱ्यांना हसायचं असतं ते संकासुराला. हल्ली वेळ नाही म्हणून तो भाग आखडता घेतात. आडवाटकराला याचं दुःख आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्याच्या काही मोहिमा मात्र पाहवत नाहीत. विचरमध्ये स्केलिगे नावाची बेटं आहेत. तिथला समुद्रच्या समुद्र प्रश्नचिन्हांनी भरलेला. प्रत्येकापाशी होडी हाकत जायचं आणि पाण्यात बुडवलेला तस्करांचा माल काढायचा. वरून पंखवाल्या बाया ओरबाडायला येतात. मालात काय, तर भंगार. हा गृहस्थ ते सगळं वेचत बसला. खरा समुद्र घरापासून हाकेवर आहे. तिथे होडीत बसला की त्याला उलटी होते.

'फायनल फँटसी 10' मध्ये विजांचं मैदान आहे. वीज पडायच्या क्षणी बटण दाबून ती चुकवायची, अशा लागोपाठ 200. एक अंगावर पडली की पुन्हा पहिल्यापासून. हा प्रयोग त्याने मेच्या शेवटी केला. दीडशेच्या पुढे गेला असताना आरोंद्याच्या बाजूला खराखुरा गडगडाट झाला. कोकणातल्या आईला आभाळ वाजलं की एकच सुचतं. तिने आधी टीव्हीची, मग फ्रीजची आणि मग कॉम्प्युटरची पिन उपसली. त्या रात्री तो जेवला नाही. आई म्हणाली, "वीज चुकवलंय मी, आणि रागावता तो!"

आणि 'झेल्डा'मधली ती 900 बीजं! डोंगरदऱ्यांत दगडाखाली, झाडाच्या शेंड्यावर लपलेली. मित्राचं यंत्र उसनं आणून त्याने सगळी गोळा केली. सगळी जमल्यावर जे बक्षीस मिळतं ते सोन्याचं असतं, पण त्याचा आकार सभ्य माणसाने सांगण्यासारखा नसतो. वडिलांना त्याने पडद्यावर दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माका निदान शाल आणि नारळ तरी गावलो."

विचर अजून संपलेला नाही. एका टप्प्यावर गेमच बजावतो की यापुढे गेलात तर काही राहिलेली कामं कायमची हुकतील. ते वाचल्यावर आडवाटकर मागे फिरला. कुणातरी गावकऱ्याची बकरी शोधून द्यायची होती.

गेल्या महिन्यात त्याला मुलगी दाखवायला आरोंद्याला नेलं. पोहे झाले, चहा झाला, मुलीला बाहेर बोलावलं, दोघांना चार शब्द बोलायला खळ्यात सोडलं. तेवढ्यात मुलीच्या आजोबांनी सहज विषय काढला की विहिरीवरचा पंप पाणी ओढत नाही. मुलगी खळ्यात उभी राहिली. आडवाटकर इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून विहिरीवर गेला, आजोबा मागून बॅटरी घेऊन. दोघांनी फूटव्हॉल्व्ह वर ओढला, त्यात अडकलेला पाला काढला, पाणी भरून पंप चालू केला. त्याचा आणि मुलीचा एकूण संवाद इतकाच झाला: तिने हात धुवायला साबण दिला आणि तो "थँक्यू" म्हणाला.

आठवड्याने मध्यस्थाचा फोन आला. आईने सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. "मुलगी म्हणता, माका विचार करूक वेळ होयो. आजोबांका स्थळ पसंत आसा. आणि पंप परत पाणी ओढणा नाय, रविवारी येशात काय?"

आईने कपाळाला हात लावला. वडिलांनी पेपर वर धरला. आडवाटकर फोनजवळ वाकून म्हणाला, "वायसर कितीचो लागतलो, ता विचारा."