आधी पोच द्या

अर्ज खिडकीतून आत जातो. आतला माणूस तो उभ्या उभ्या चाळतो आणि तसाच बाहेर सरकवतो. "राहू द्या तुमच्याजवळच. साइट सुरू झाली की या." शिक्का नाही, सही नाही, तारीख नाही. माझी तक्रार याबद्दल आहे. काम द्या, भत्ता द्या, हे पुढचं. आधी अर्जाची पोच द्या.

मी आयुष्यभर शाळेत लिपिक होतो. आवक-जावकचं रजिस्टर माझ्याच टेबलावर असायचं. कागद शिक्षणाधिकाऱ्यांचा असो की दाखला मागणाऱ्या एखाद्या बापाचा, त्याच्यावर आवक नंबर आणि तारीख पडल्याशिवाय तो पुढे जायचा नाही. म्हणूनच असेल, निवृत्तीनंतर अंजनगाव सुर्जीतली आमच्या गल्लीतली पोरं आणि बाया कागद घेऊन माझ्याकडे येतात, आणि जमेल तेव्हा मी त्यांच्यासोबत जातो. ज्या कार्यालयांत हे झालं त्यांची नावं मी लिहिणार नाही. नावं घेतली की गोष्ट त्या एका माणसाची होऊन बसते, आणि ही खोड एका माणसाची नाही.

जवळच्या खेड्यातली एक मावशी आहे. कापसाची वेचणी आटोपली, हरभऱ्याची सोंगणी झाली की तिच्या हाताला काम राहत नाही. रोजगार हमीवर काम मागायचं म्हणून आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. नमुना ४ मागितला, तो नव्हता. बाहेरून झेरॉक्स आणली. जॉब कार्डाचा नंबर, किती दिवस काम पाहिजे, कोणत्या तारखेपासून पाहिजे, सगळं भरलं. मावशी सही करायला बचत गटात शिकली. सावकाश करते, आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर थांबते, वेलांटी बरोबर पडली का ते पाहते, मगच पेन खाली ठेवते. ग्रामरोजगार सेवकानं अर्ज वाचला.

"मावशी, आता काम नाही हाय ना. काम निघालं की मीच सांगतो तुमाले."

"भाऊ, पोच तं द्या."

"काम नाही तं पोच कायची देऊ?"

तो उद्धट नव्हता. त्यानं आम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण त्या एका वाक्यात त्यानं आख्खा कायदा उलटा केला. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मजुरानं काम मागायचं आणि सरकारनं १५ दिवसांत ते द्यायचं, असा क्रम आहे. नाही दिलं तर सोळाव्या दिवसापासून बेरोजगारी भत्ता सुरू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव हिश्शानं, त्यापुढे निदान निम्म्यानं. काम नाही म्हणूनच तर पोच हवी. हे १५ दिवस मोजायचे कुठून, तर अर्जाच्या तारखेपासून. ती तारीख कागदावर नसेल तर पहिला दिवसच उगवत नाही, मग सोळावा कुठून येणार? मावशी वर्षभर घरी बसली तरी सरकारी दप्तरात तिनं काम मागितलंच नाही असं दिसणार.

पोच देताना हात का आखडतो, त्याचं एक कारण कायद्याच्याच मांडणीत आहे. २००५ च्या कायद्यात अंगमेहनतीच्या मजुरीचा पैसा केंद्राचा होता, बेरोजगारी भत्ता मात्र राज्याच्या तिजोरीतून. राज्यानं वेळेवर काम काढावं म्हणून हा चाप ठेवला होता. हेतू चांगला होता. पण काम वेळेवर काढण्यापेक्षा मागणीचा कागदच न घेणं सोपं पडतं, आणि खालच्या माणसाला कोणी तसं स्पष्ट सांगावंही लागत नाही. ग्रामरोजगार सेवक बिचारा मानधनावरचा माणूस. पोच दिली, भत्ता लागू झाला, तर वरून विचारणा त्यालाच होणार. त्याची भीती मला कळते. ती मावशीनं भोगावी, हे मात्र मला मान्य नाही.

आणि हे कुठं, तर महाराष्ट्रात. ही हमी देशाला आपण दिली. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी ही कल्पना मांडली आणि लावून धरली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नाल्याला बांध घालायला लाखो माणसं कामावर आली. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा कायदा येईपर्यंत पुढे पाव शतक गेलं. त्या पहिल्या कायद्यातही काम न मिळाल्यास भत्ता होता, दिवसाला १ रुपया. रक्कम लहान होती, पण काम मागणारा माणूस रिकाम्या हातानं परत जाणार नाही हे सरकारनं त्यात लिहून दिलं होतं. आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, शंभराचे १२५ दिवस केले. दिवस वाढले, चांगलं झालं. पण खिडकीवर अर्जाची तारीखच पडणार नसेल तर मावशीसाठी शंभर काय आणि सव्वाशे काय.

रोजगार हमीला पैसा कमी पडू नये म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. पगारपत्रकात 'व्य. कर' म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाचे २५०० होतात, तो हाच. माझ्या पगारातून तो निवृत्तीपर्यंत कापला गेला आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझ्या टेबलावर पगाराची बिलं व्हायची, तेव्हा नवीन शिक्षकांना मी हा पैसा कशाला जातो ते सांगायचो. खिडकीमागच्या कायम नोकरीतल्या बाबूच्या पगारातूनही तो दर महिन्याला जातो. बेरोजगाराला काम मिळावं म्हणून तो स्वतः पैसे भरतो आणि समोर उभ्या असलेल्या बेरोजगाराचा कागद मात्र परत करतो. एवढी एक गोष्ट कोणी त्याला बसवून समजावून सांगायला पाहिजे.

शिकलेल्या पोरांचं दुखणं वेगळं. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं बी.एस्सी. झालं. कॉलेजात असतानाच तिनं महास्वयंम या सरकारी रोजगार नोंदणीच्या साइटवर नाव नोंदवलं होतं. तेव्हा दिलेलं सिम बंद पडलं, ओटीपी त्या बंद नंबरवर जातो आणि खातं उघडत नाही. नंबर बदलून घ्यायला आम्ही जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात गेलो. आधी आधारची झेरॉक्स. मग आधारला कोणता नंबर जोडला आहे ते पाहून या. मग साहेब मीटिंगला गेलेत. शेवटी एक मार्गदर्शक बसले होते, त्यांनी मुलीकडे न पाहता विचारलं, "काय झालं तुझं? बी.एस्सी.? मग इथं कायले बसली? पुण्याले जा ना."

हा सल्ला तिला घरी आत्यानं दिला आहे, बसमध्ये कंडक्टरनं दिला आहे. तो ऐकायला भाडं खर्चून जिल्ह्याला जायची गरज नव्हती. मार्गदर्शक म्हणून पगार घेणाऱ्या माणसानं निदान एवढं सांगावं: तुझ्या विषयात जिल्ह्यात या महिन्यात कुठल्या जागा कळवल्या गेल्या, मेळावा कधी आहे, प्रशिक्षणाचा कुठला वर्ग सुरू होतोय. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीला ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार महिना. तिच्यात शिरायचं तर याच महास्वयंमवरून. म्हणजे एका बंद सिमकार्डापायी ही पोरगी सगळ्याच दारांबाहेर उभी. नंबर बदलून झाला नाही, आणि नंबर बदलायला ती आली होती याची नोंदही कुठे झाली नाही.

या केंद्रांची पाटी बदलत गेली, तरी मूळ यंत्रणा १९४५ ची. महायुद्धातून सुटलेल्या सैनिकांना कामाला लावायला ती उभी झाली, १९४८ पासून सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्यानं २५ किंवा अधिक माणसं ठेवणाऱ्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं केलं. कळवणं सक्तीचं, तिथूनच माणूस घेणं सक्तीचं नाही. शिवाय त्या कायद्यानं काही कामं आधीच बाहेर ठेवली: खासगी शेती आणि बागायतीतलं काम, घरकाम, ३ महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम, कार्यालयातलं अकुशल काम. आता आमचा तालुका पाहा. पानमळे, पानपिंपरी, केळी, संत्री, कापूस. इथं जे काम आहे ते बहुतेक बागायतीतलं किंवा हंगामी, म्हणजे त्या वगळलेल्या कामांतलंच. अशा गावच्या पोरांसाठी मार्गदर्शकानं जास्त वेळ द्यायला हवा, कारण कायद्यानं त्यांच्यासाठी फार थोडं ठेवलं आहे. त्याऐवजी त्यांच्या वाट्याला सगळ्यात आखूड वाक्य येतं.

तिसरी गोष्ट माझ्या भाच्याची. चाकणला एका ठेकेदाराकडे होता, ईएसआय कापली जात होती. काम गेलं, गावी आला. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं की कर्मचारी राज्य विमा महामंडळाची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' म्हणून एक योजना १ जुलै २०१८ पासून आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता मिळतो. आधी तो सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होता, कोविडच्या काळात ५० टक्के झाला. पूर्वी दावा मालकामार्फत जायचा. २०२० पासून कामगारानं थेट शाखा कार्यालयात करायचा.

आम्ही तसा केला. खिडकीवर उत्तर मिळालं, "कंपनीकडून लिहून आणा." नियम बदलला आहे, असं मी सांगितलं. "आमच्याकडे तसं काही आलं नाही." मग स्क्रीनवर पाहून त्यांनी दुसरं कारण काढलं. ठेकेदारानं नोकरी सुटण्याच्या रकान्यात 'राजीनामा' भरलं होतं. भत्ता स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला नाही. भाच्यानं राजीनामा दिलेला नाही. गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको, बस. हिशेबाच्या कागदांच्या गठ्ठ्यात तोही एक कागद होता का, हे त्याला आजही माहीत नाही. सह्या घेताना वाचायला कोण देतं?

मी म्हटलं, ठीक आहे, दावा या कारणानं घेता येत नाही असं लिहून द्या, आम्ही वर दाद मागतो. "तसं लिहून देत नसतो आम्ही."

याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. लेखी नकार दिला तर त्याच्यावर अपील करता येतं. साहेबांना भेटता येतं, आमदाराकडे जाता येतं, कोर्टात जाता येतं. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही. वरच्या कार्यालयात पहिला प्रश्न येतो, "तुम्ही अर्ज केला होता का? पोच दाखवा." भाचा तिथून निघाल्यावर स्टँडपर्यंत एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर बहिणीला म्हणाला, "मामा उगाच भांडते. जाऊ दे." मला ते फार लागलं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरानं हक्काचा पैसा मागायला गेल्यावर शरमून परत यावं, याला आपण कार्यालयीन कामकाज म्हणतो.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानं अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच, ठरलेली मुदत आणि अपिलाच्या पायऱ्या बांधून दिल्या. विनाकारण सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. तसा बोर्ड बहुतेक कार्यालयांच्या भिंतीवर आहे, मी वाचला आहे. रोजगाराशी संबंध असलेली प्रत्येक खिडकी, ती ग्रामपंचायतीतली असो, जिल्ह्याची असो की विमा महामंडळाची, याच शिस्तीखाली यावी. साइट बंद असेल तर हातानं लिहिलेली पोच द्यावी. आम्ही शाळेत तेच करायचो. पावतीपुस्तकाला वीज लागत नाही, सर्व्हर लागत नाही. कार्बन आणि बॉलपेन पुरतं.

तोवर गल्लीतल्या पोरांना मी सांगतो ते इथंही लिहून ठेवतो. अर्जाच्या दोन प्रती न्या. खिडकीवर घेतला नाही तर वाद घालू नका, तिथेच मागच्या बाजूला त्या दिवसाची तारीख, वेळ आणि काय उत्तर मिळालं ते लिहा. मग सरळ पोस्टात जा आणि तोच अर्ज स्पीड पोस्टनं त्याच कार्यालयाला पाठवा. पाठवल्याची तारीख पोस्टाच्या पावतीवर राहते आणि पोहोचल्याची नोंद नंबर टाकून काढता येते, ती नाकारता येत नाही. मावशीचा नमुना ४ आम्ही असाच पाठवला, भाच्याचा दावाही. ती पावती गुळगुळीत कागदावर छापलेली असते आणि उन्हाळ्यात तिच्यावरची अक्षरं उडून जातात. त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवा.